चौथ्या दारची अंबाडी

झेयाच्या आधी मला त्याची चप्पल भेटली. वरून आली, माझ्या छत्रीवर आपटली, घसरली आणि बुद्धासाठी नेत होते त्या फुलांच्या तबकात जाऊन बसली. अगदी मधोमध. कुणी मुद्दाम ठेवली असती तरी इतकी नीट बसली नसती.

क्याउकलोनच्या डोंगरावर अनवाणी चढायचं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. शहाणी माणसं चपला पायथ्याशी काढून ठेवतात. अतिशहाणी माणसं चोरीच्या भीतीने लुंगीच्या कनवटीला खोचून वर नेतात. मी छत्री बाजूला करून वर पाहिलं. पायऱ्यांवर झुकलेल्या चुनखडीच्या कड्यावरून एक चेहरा डोकावत होता. उलटा. चष्म्यावरून पाणी गळत होतं.

"लागलं का हो?" चेहऱ्याने विचारलं.

"कुणाला? मला, की बुद्धाच्या फुलांना?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "...दोघांना."

"मला नाही. फुलांचं तुम्ही पुढच्या जन्मी बघून घ्या."

"थांबा, मी खाली येतो!"

"सावकाश या. अजून एक चप्पल आहे ना तुमच्याकडे?"

आमच्यात डोकं सगळ्यांत पवित्र आणि पाय सगळ्यांत हलके. बाईमाणसाच्या डोक्यावर चप्पल टाकणं ही गोष्ट कोर्टात जात नाही, पण मावशीपर्यंत जाते, आणि कोर्ट परवडलं. तो खाली आला तो गुडघ्यापर्यंत चिखलात, केसांत शेवाळ, आणि समोर उभं राहून त्याने सरळ हात जोडले. मी हसले नाही. हसायचं नाही असं ठरवायला मात्र लागलं.

"मी झेया. मौलम्याइनच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. तिथे वर भेगेत एक पान दिसलं, म्हणून वाकलो..."

"एका पानासाठी?"

"त्याला एकच पान असतं," तो म्हणाला. आणि असा हसला, की जणू ते पान त्याच्याच घरचं.

मी स्वेझिन. गावात येणाऱ्या पाहुण्यांना डोंगर, गुहा आणि मठ दाखवते. इतिहासात पदवी घेतल्यावर जे करता येतं त्यातलं हेच एक घराजवळ होतं. आईवडील नाहीत, मावशीपाशी वाढले. मठाच्या वाटेवर, पायथ्याकडून मोजत गेलं तर चौथं दार आमचं.

दुसऱ्या दिवशी झेया त्याच दाराशी हजर. गुहा बघायच्या होत्या म्हणे.

"गुहा, की भेगा?" मी विचारलं.

"तुम्ही गुहा दाखवा. भेगा माझ्या मी शोधतो."

दाखवल्या. भिंतभर चिकटवलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती, नखाएवढ्यापासून ताटाएवढ्या. कुणी, कधी, कशासाठी लावल्या ते मी सांगायचे, आणि तो मान डोलवत त्यांच्यामधल्या फटीत उगवलेलं नेचं बघायचा. एका गुहेत ध्यानाला बसून बसून भिक्खूंनी गुळगुळीत केलेला दगड आहे. पाहुणे त्याला हात लावून नमस्कार करतात. झेया तिथे पालथा पडला.

"एवढी भक्ती?" मी म्हटलं.

"गोगलगाय," तो म्हणाला. "हळू बोला. ही फक्त याच डोंगरावर सापडते. शेजारच्या डोंगरावरची वेगळी."

"इतकी आळशी? शेजारच्या डोंगरावरही जात नाही?"

"तिला करमत असेल इथे." मग माझ्याकडे न बघता, "मलाही करमायला लागलंय..."

नदीकाठच्या गुहेतून संध्याकाळी वटवाघळं बाहेर पडायची, धुरासारखी, संपता संपत नसत. आम्ही वाळूवर बसून बघायचो. पाऊस आला की एकाच छत्रीत. आणि तो बिचारा असा अंग चोरून बसायचा की अर्धा भिजायचा आणि वर म्हणायचा, मला पाऊस आवडतो. मी विचारलं नव्हतं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. मावशीला कळलं.

"तो म्यावडीचा मोबाईलवाला काय वाईट आहे?" तिने तांदूळ निवडता निवडता काढलं. "स्वतःचं दुकान आहे."

"फोटोत तो दुकानाकडे बघतोय, मावशी. कॅमेऱ्याकडे पाठ आहे."

"म्हणजे कामात लक्ष आहे! हे बघ, वर्षावास लागला की तीन महिने लग्नं बंदच. दिव्यांच्या पौर्णिमेला तो संपला की मला त्याला उत्तर द्यायचंय. हो म्हण, नाही म्हण, पण नाही म्हणायला एखादं कारण तरी आण घरात."

ते कारण त्या वेळी डोंगरावर दोरीला लटकलेलं होतं.

आता त्या पानाचं. ते फुलतं ऐन पावसाळ्यात, आणि भरपूर वाढतं ते मठाच्या वरच्या कड्यावर, जिथे बायकांना मज्जाव आहे आणि पावसाळ्यात गृहस्थ पुरुषांनाही. तिथे फक्त चीवर घातलेला माणूस जाऊ शकतो. इकडे झेयाच्या आईने नवस बोललेला : मुलगा निदान नऊ दिवस भिक्खू होईल. आमच्याकडे प्रत्येक पुरुषाने एकदा तरी डोकं भादरून मठात राहायचं असतं. झेया वर्षानुवर्षं टाळत आला होता. आता अचानक त्याला धर्म आठवला.

"तू फुलासाठी भिक्खू होतोयस," मी म्हटलं.

"आईसाठी. आणि फुलासाठी. क्रम असाच ठेवलाय मी."

दीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही वाळूवर होतो. वटवाघळं निघून गेली होती. तो बराच वेळ वाळूत रेघा ओढत होता.

"स्वे... नऊ दिवसांनी खाली आलो की तुला एक विचारायचंय."

"आत्ता विचार."

"आत्ता विचारलं तर उद्या दीक्षा घेताना माझं मन स्थिर राहणार नाही."

"आणि माझं? त्याची काही सोय?"

"नऊच दिवस," तो म्हणाला.

दीक्षेच्या दिवशी त्याची आई मौलम्याइनहून अर्धी गल्ली बरोबर घेऊन आली. मुंडण करताना केस जमिनीवर पडू द्यायचे नसतात. पांढरं कापड धरतात, एक टोक आई, दुसरं बहीण. झेयाला बहीण नाही. त्याच्या आईने इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "पोरी, तू धर गं."

मी धरलं. भुरभुर पाऊस होता. त्याचे दाट ओले केस एकेक करून माझ्या हातातल्या कापडात पडत होते आणि तो डोळे मिटून बसला होता. एकदाच उघडले. माझ्याकडे पाहिलं... आणि घाईघाईने पुन्हा मिटले. न्हाव्याचा हात थांबला. "हलू नका हो," न्हावी म्हणाला, "कान कापला जाईल."

"बहिणीचं टोक धरून आलीस!" मावशी घरी कपाळ बडवत होती. "एवढ्या बाया होत्या तिथे!"

त्याचं नाव आता ऊ थांवर. म्हणजे संवर, संयम. नाव मठाधिपती, म्हणजे सयाडो देतात; आमच्या सयाडोंना माणसं ओळखता येतात असं म्हणतात. मला तेव्हा ती थट्टा वाटली.

आमच्याकडे मुहूर्त ज्योतिषी काढतो, आणि ज्योतिषी सुरुवात बघतो, शेवट नाही. झेयाच्या नऊ दिवसांच्या मधोमध वर्षावास सुरू करणारी पौर्णिमा येत होती हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. पौर्णिमेनंतर सगळे भिक्खू ओळीने बसले आणि मोठ्याने संकल्प म्हणाले : या विहारात मी हे तीन महिने राहीन. ऊ थांवर शेवटी बसले होते. त्यांनीही म्हटला. खणखणीत आवाजात.

ही बातमी मावशीने आणली, टोपलीसकट.

"पण का?" मी ओरडलेच. "तो नऊच दिवसांसाठी..."

"अगं, सगळे म्हणत असताना एकट्याने गप्प बसणं बरं दिसतं का? त्याला संकोच वाटला असेल."

यावर दुसऱ्या कुठल्याही देशातल्या मुलीने विश्वास ठेवला नसता. मी ठेवला. आमच्याकडे संकोचापायी माणसं नको असलेलं घर विकत घेतात, नको असलेला चहा चार वेळा पितात. हा तीन महिने देऊन आला होता.

"संकल्प मोडता येतो ना?"

"येतो की. तशी माणसाच्या डोक्यावर चप्पलही टाकता येते."

मग ते सुरू झालं... काय नाव द्यावं कळत नाही. रोज सकाळी घंटा वाजायची आणि भिक्खूंची रांग डोंगरावरून खाली यायची, पुढे सयाडो, मागे ज्येष्ठतेने एकेक, सगळ्यांत शेवटी काल-परवा दीक्षा घेतलेला ऊ थांवर. अनवाणी, चीवर ओलं, नजर भिक्षापात्रात. भिक्खूने वाढणारीच्या तोंडाकडे बघायचं नसतं. मी प्रत्येकाच्या पात्रात एकेक चमचा भात वाढायचे. हात लागायला नको, म्हणून चमच्याचा दांडा लांब. शेवटचं पात्र समोर आलं की दांडा अजून लांब वाटायचा. बोलायचं नाही, बघायचं नाही. तो पुढच्या दाराशी जायचा, आणि मी रिकामा चमचा धरून तिथेच. नऊ दिवसांनी जे विचारणार होता ते त्या पात्राच्या झाकणाखाली बंद.

माणूस किती दिवस गप्प राहील? मला बोलता येत नव्हतं. स्वयंपाक येत होता.

कालवण पात्रात वाढत नाहीत. रांगेमागून मठाचा कारभारी कावड घेऊन येतो, तिच्या डब्यात ओततात. मी पहिल्या आठवड्यात अंबाडीची भाजी दिली, चिंच न घालताही दात आंबतील अशी : अर्थ, मी रागावलेय. नंतर नारळाच्या दुधातली कोंबडी (आमच्या भिक्खूंना वाढलेलं सगळं चालतं) : राग गेलाय. त्याचं उत्तर नाही म्हणून पुन्हा अंबाडी, आता मिरच्यांसकट. मग एक दिवस कारल्याचं काहीतरी, त्याचा अर्थ माझा मलाच नीट लागला नाही. मावशी म्हणाली, "आपण पुण्य करतोय की सूड घेतोय?"

उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या दिवशी गावातल्या बायका मठात जातात. मीही पांढरी ओढणी घेऊन गेले. खालच्या सभागृहात सयाडो बसले होते, आणि जरा मागे, खांबाला टेकून, ऊ थांवर. बारीक झाला होता. डोक्यावर खुंट उगवले होते आणि ते त्याला शोभत होते, ही आणखी एक कटकट.

सयाडो म्हणाले, "चौथ्या दारच्या घरात सध्या फार आंबट पिकतंय वाटतं."

म्हणजे त्याला पोचतंय! त्याने सांगितलंय!

"पाऊस जास्त झालाय, भंते," मी म्हटलं. "अंबाडी जोरात आहे."

"हं. परवाच्या मिरच्याही जोरात होत्या." सयाडोंनी पोटावरून हात फिरवला आणि डोळे मिटले. मिटले ते मिटलेच. झोपले, की आम्हाला सवड दिली, देव जाणे.

मी मागच्या खांबाला नमस्कार केला. "भंते, फूल सापडलं का?"

"सापडलं, उपासिके."

"मग... घेतलंत?"

"भिक्खूला पानसुद्धा तोडता येत नाही." त्याचा आवाज गंभीर होता आणि ओठ नव्हते. "दीक्षा घेतल्यावर कळलं."

मी ओढणी तोंडावर धरली. खांदे हलत होते ते थांबवता येईनात. फुलासाठी हा माणूस भिक्खू झाला होता!

"मग करता काय रोज?"

"समोर बसतो. बघतो." मग म्हणाला, "तोडायचं नसलं की जास्त दिसतं, उपासिके."

हे तो कुणाबद्दल बोलला, यावर मी पुढचे कित्येक दिवस काढले. भात करपला, पाहुण्यांना भलत्याच गुहेत नेलं, मावशीच्या चहात मीठ पडलं.

आणि मग गावात ते सुरू झालं. आधी विहिरीवर, मग आमच्या ओट्यावर.

"ऊ थांवरांचं पठण ऐकलंस? काय गोड आवाज!"

"कायमचे राहणार म्हणे. सयाडोंचा फार जीव आहे."

"आईला केवढं पुण्य!"

मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. त्या रात्री तिने मोबाईलवाल्याचं नावही काढलं नाही, यावरून काय ते समजले.

आता रागवायचं कुणावर? नवरा पळाला तर बाई भांडू शकते, दुसरीने पळवला तर झिंज्या उपटू शकते. बुद्धाच्या झिंज्या कुठून उपटणार? आणि आमच्याकडे लहानपणापासून कानावर असतं, भिक्खूला चीवरातून ओढून काढणारी बाई पुढचे जन्म कुठे काढते ते. मला त्या जन्मांची फारशी भीती नव्हती. भीती वेगळीच होती... तो तिथे खरंच सुखात असेल तर? त्या फुलासमोर बसून? मी अंबाडी पाठवून पाठवून माणसाला खाली ओढत होते, तेही पुण्याच्या नावाखाली.

दुसऱ्या दिवशी मी कावडीत साधं वरण ओतलं. मीठ बरोबर, तिखट बरोबर, अर्थ काही नाही. रांग आली. शेवटचं पात्र समोर आलं. मी मनात म्हटलं, राहायचं तर राहा. आणि भात वाढला. चमचा लांब वाटला नाही. त्यानंतर रोज तसंच. बरं वाटत नव्हतं, पण आत जी धावपळ चालली होती ती ओट्यावर येऊन बसली होती, एवढंच.

दिव्यांची पौर्णिमा आली. पायथ्यापासून कळसापर्यंत पणत्या, कड्याच्या भेगाभेगांत मेणबत्त्या. गावातली धाकटी माणसं थोरांच्या पाया पडत दारोदार हिंडत होती. मावशीच्या पाया पडले तेव्हा तिने डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

"उद्या म्यावडीला कळवायचं," ती म्हणाली. "काय कळवू?"

"उद्या सांगते."

उद्या उजाडला. घंटा वाजली. सवयीने मी भाताचं पातेलं घेऊन दारात. सयाडो आले, त्यांच्या मागचे आले, एकेक चमचा, एकेक चमचा... आणि रांग संपली. शेवटचं पात्र नव्हतंच.

चमच्यात एक वाढप उरलं होतं. ते कुठे ठेवावं सुचेना.

रांग वळणापलीकडे गेली, कारभाऱ्याची कावड दिसेनाशी झाली, तेव्हा वाटेवर अजून एक माणूस येताना दिसला. अंगात पांढरा सदरा. डोकं गुळगुळीत. लुंगीच्या कनवटीला चपला. तीन महिने धर्म शिकून हा माणूस काहीही शिकला नव्हता.

तो आला आणि रोजच्याच जागी उभा राहिला. नजर खाली, हात पोटाशी, जिथे पात्र असायचं तिथे.

"भिक्षा संपली," मी म्हटलं.

"मला सयाडोंनी पाठवलं. निरोप आहे. अंबाडीत मीठ कमी असायचं म्हणाले."

"आणि तुला काय वाटायचं?"

"कशाबद्दल?"

"अंबाडीबद्दल! कोंबडीबद्दल! कारल्याबद्दल!"

तो गोंधळून माझ्या हातांकडे बघत राहिला. "स्वे, मी ओळीत शेवटी बसायचो. डबा सयाडोंपासून सुरू व्हायचा. माझ्यापर्यंत यायचा तेव्हा त्यात पळी असायची. नुसती पळी."

म्हणजे माझा राग, लाडीगोडी, रुसवा, मिरच्या... इतके दिवस हे सगळं ऐंशीच्या घरातला एक साधू पुरुष मुकाट्याने पचवत होता!

"म्हणजे तुला काहीच कळलं नाही?"

"कळलं की. नजर खाली ठेवायची असते, त्यामुळे मला फक्त तुझा हात दिसायचा. भात वाढताना थरथरायचा. रोज. मी पुढच्या दाराशी जाईपर्यंत तेवढंच बघून घ्यायचो." त्याने चष्मा सदऱ्याला पुसला. "मधे एक महिना मला खरंच वाटत होतं, राहावं वर. खोटं नाही सांगणार. छान वाटत होतं तिथे. आणि मग एक दिवस तुझा हात थरथरायचा थांबला."

"...मग?"

"मग माझा थरथरायला लागला. फुलासमोर बसलो तर फूल दिसेना. काल वर्षावासाच्या शेवटी सगळ्यांनी एकमेकांना विचारलं, माझ्यात काही दोष पाहिला का, ऐकला का, निदान संशय आला का. सयाडो म्हणाले, पाहिला नाही, ऐकला नाही, पण संशय आहे. तू चौथ्या दारापाशी पाऊल आखूड टाकतोस."

आतून मावशीच्या बांगड्यांचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळून.

त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. आत मातकट रंगाचं सुकलेलं बोंड होतं, फुंकर मारली तर उडेल एवढंसं.

"तोडलं नाही," तो घाईने म्हणाला. "पडलं. मी खालीच बसलो होतो. सकाळी चीवर उतरवल्यावर उचललं."

"यात बिया आहेत?"

"आहेत. फक्त चुनखडीच्या भेगेत रुजतात. मौलम्याइनला नाही जगणार." त्याने पुडी पुन्हा मिटली. "म्हणून म्हटलं, मीच इकडे... तू म्हणशील तर. तेच विचारायचं होतं. नऊ दिवसांनी."

"फार उशीर केलास."

"मोबाईलवाला...?"

"त्याला आज कळवायचंय."

"काय?"

"वर बघ आधी," मी म्हटलं. "हाताशी किती दिवस बोलणार आहेस?"

त्याने मान वर केली. हळूहळू, जड काहीतरी उचलावं तशी. चष्म्यामागे तेच डोळे, मुंडणाच्या वेळी एकदाच उघडलेले. या खेपेला मिटले नाहीत.

"मावशी," मी मागे न बघता म्हटलं, "म्यावडीला कळव, कारण सापडलं."

"कळवते," दाराआडून ताबडतोब आवाज आला. "आणि त्याला आत बोलाव. चपला बाहेर काढायला सांग!"

तो ओट्यावर बसला. मी ताट मांडलं, अंबाडीची भाजी वाढली; कोण जाणे का, त्या सकाळी मी तीच केली होती. मग भात घेतला. लांब दांड्याचा चमचा बाजूला ठेवला आणि हातानेच वाढायला गेले. हात इतका थरथरत होता की निम्मी शितं ताटाबाहेर पडली.

त्याने ते बघितलं. आता तो बोलायला अगदी मोकळा होता. तरी नुसता एकेक शीत वेचून ताटात घेत राहिला.